घोडा, गवत आणि बाजार: स्टेपचे भटके आणि खुश्कीचा व्यापार याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टेप म्हणजे नेमका कुठला प्रदेश?

हंगेरीपासून मांचुरियापर्यंत सुमारे आठ हजार किलोमीटर पसरलेला गवताचा पट्टा. उत्तरेला सायबेरियाचं जंगल, दक्षिणेला वाळवंटं आणि डोंगर. पाऊस इतका कमी की झाडं वाढत नाहीत, पण गवतापुरता होतो. आजच्या नकाशावर युक्रेन, दक्षिण रशिया, कझाकस्तान आणि मंगोलिया असा तो पाहता येईल. मधे अल्ताई आणि तिएनशान हे डोंगर येतात, पण त्यांच्यातही खिंडी आहेत. घोड्यावर बसलेल्या माणसाला या आठ हजार किलोमीटरमध्ये घोड्याच्या वैरणीची फारशी चिंता नव्हती. वैरण पायाखालीच होती.

भटके म्हणजे वाट फुटेल तिकडे जाणारे लोक का?

नाही. प्रत्येक टोळीचं उन्हाळी कुरण ठरलेलं, हिवाळी कुरण ठरलेलं आणि ये-जा करायच्या वाटाही ठरलेल्या. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरणारे आणि पावसाच्या तोंडावर परत देशावर येणारे धनगर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे सांगावं लागत नाही. कोकणातला शेतकरी मेंढरं शेतात बसवून घेतो, खत मिळवतो आणि बदल्यात धान्य देतो. स्टेपच्या कडेला हेच नातं होतं. फरक इतकाच, की तिथल्या मेंढपाळाकडे घोडाही होता आणि धनुष्यही.

एका जनावरामुळे इतका फरक कसा पडला?

आज जगभर दिसणाऱ्या पाळीव घोड्यांचं मूळ व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यात आहे, असं २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसलं. तिथून सुमारे इ.स.पू. २००० नंतर हा घोडा फार झपाट्याने सगळीकडे पसरला. त्याच सुमारास उरल पर्वताच्या दक्षिणेला, सिंताश्ता संस्कृतीच्या थडग्यांत आऱ्यांच्या चाकांचे रथ सापडतात. घोड्यावर बसून बाण मारणारं सैन्य मात्र बऱ्याच नंतरचं, इ.स.पू. पहिल्या सहस्रकातलं.

हे एकदा जमलं आणि शेतकरी राज्यांची झोप उडाली. पायदळ दिवसाला जेवढं चालतं त्याच्या कितीतरी पट अंतर हे स्वार तोडत. पाठलाग करावा तर समोर गाव नाही, कोठार नाही, जाळायला पीकही नाही. चीनमधल्या झाओ राज्याच्या वुलिंग राजाने इ.स.पू. ३०७ मध्ये शेवटी हार मानली आणि आपल्या सैनिकांना लांब झगे सोडून भटक्यांसारखी विजार घालायला लावली, घोड्यावरून तिरंदाजी शिकवली. दरबारात केवढा गहजब झाला! रानटी लोकांचे कपडे घालायचे म्हणजे काय? पण तुर्फानजवळ यांगहाई इथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची लोकरी विजार सापडली आहे. घोड्यावर मांड ठोकायची तर विजार लागतेच. आपण आज जी पँट घालतो तिचं घराणं असं जुनं आहे.

रिकीब फार उशिरा आली. दोन्ही बाजूंच्या रिकिबी दाखवणारी जुनी ठोस प्रतिमा चीनमध्ये चौथ्या शतकातली आहे, आणि युरोपात ती सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेपवरून आलेल्या आव्हार टोळ्यांबरोबर पोचली.

आता अडचण अशी, की शेतकरी राज्यांना घोडे हवेत, पण ते घरी नीट पैदा होत नाहीत. जिथे भात किंवा गहू पिकतो तिथे घोड्यांसाठी मोकळं कुरण कोण ठेवणार? म्हणून चीन, इराण आणि भारत ही तिन्ही मोठी राज्यक्षेत्रं शतकानुशतकं घोड्यांची गिऱ्हाइकं राहिली. ज्याच्यापासून बचाव करायचा, त्याच्याकडूनच बचावाचं साधन विकत घ्यायचं. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली इथे आहे.

मग हे लोक लुटारू होते की व्यापारी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि त्यातला ‘की’ मला खटकतो.

भटक्यांकडे काय होतं? मांस, दूध, लोकर, कातडी, घोडे. काय नव्हतं? धान्य, सुती-रेशमी कापड, पुढे चहा, आणि बऱ्याचदा लोखंडही. त्यातून एखाद्या हिवाळ्यात बर्फाचा कडक थर बसला, की जनावरांचं तोंड गवतापर्यंत पोचत नाही आणि अख्खे कळप उभ्या उभ्या मरतात. मंगोल लोक याला ‘झूद’ म्हणतात. शेतकऱ्याच्या कणगीत दोन वर्षांचं धान्य राहू शकतं. मेंढपाळाची शिल्लक चार पायांवर उभी असते आणि एका रात्रीत मरते. त्यामुळे शेजाऱ्याकडून धान्य मिळणं ही चैन नव्हती. बाजार उघडा असेल तर घोडे देऊन घ्यायचं, बाजार बंद असेल तर तलवार दाखवून.

चीनच्या उत्तरेकडच्या स्टेपवरच्या शिओंग्नू टोळ्यांचा नेता मोदू इ.स.पू. २०९ मध्ये बापाला मारून गादीवर आला. चिनी इतिहासकार गोष्ट सांगतात, की त्याने शिट्टी वाजवणारा बाण बनवला आणि स्वारांना हुकूम दिला: माझा बाण जिथे जाईल तिथे सगळ्यांनी बाण मारायचे. आधी त्याने स्वतःच्या आवडत्या घोड्यावर बाण सोडला. जे कचरले त्यांची मुंडकी उडवली. मग आवडत्या बायकोवर, मग बापाच्या घोड्यावर. शेवटी शिकारीच्या दिवशी बापावर सोडला, तेव्हा एकही हात थांबला नाही. गोष्ट कितपत खरी ते सोडा, पण इ.स.पू. २०० मध्ये याच मोदूने हान घराण्याच्या पहिल्या सम्राटाला बायदेंग इथे सात दिवस वेढून ठेवलं, हे खरं. त्यानंतर तह झाला. सम्राटाने घराण्यातली मुलगी द्यायची आणि दर वर्षी रेशीम, धान्य, मद्य पाठवायचं. चिनी कागदपत्रं याला सोयरीक म्हणतात. आपण चौथाई म्हटलं असतं.

या व्यवहाराचा धोका भटक्यांच्या बाजूलाही कळत होता. चिनी दरबारातून फुटून शिओंग्नूंना मिळालेला झोंगहांग युए नावाचा एक खोजा, म्हणजे दरबारातला नपुंसक सेवक, त्यांना बजावायचा, की रेशमाच्या नादी लागाल तर संपाल. रेशमी कपडे घालून काट्यांतून घोडा फेकून पाहा, मग कातडं आणि बुरणूस बरा की रेशीम बरं ते समजेल.

आणि सोळाव्या शतकाचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. मंगोल सरदार अल्तान खान वर्षानुवर्षं चीनच्या मिंग दरबाराकडे बाजार उघडा म्हणून मागणी करत होता. दरबार नाही म्हणत राहिला. १५५० मध्ये तो थेट बीजिंगच्या तटापर्यंत आला, आसपासचा मुलूख जाळला आणि पुन्हा तीच मागणी केली. १५७१ मध्ये तह झाला, सरहद्दीवर घोडेबाजार सुरू झाले, आणि त्या सरहद्दीवरच्या मोठ्या स्वाऱ्या थांबल्या.

चीनच्या भिंतीने त्यांना का थांबवलं नाही?

कधीकधी थांबवलंही. पण भिंत म्हणजे एक अखंड तट नव्हे. वेगवेगळ्या राजवटींनी वेगवेगळ्या जागी बांधलेल्या तटबंद्या आणि बुरूज आहेत, आणि पर्यटकांच्या फोटोत दिसते ती बहुतेक मिंग काळातली. तिच्या दरवाजांपाशी जकात घेतली जायची, बाजार भरायचे. मोठ्या स्वाऱ्या आल्या त्या भिंत फोडण्यापेक्षा दरवाजे उघडणाऱ्या माणसांमुळे. १६४४ मध्ये मांचू सैन्य आत आलं ते एका चिनी सेनापतीनेच शानहाय खिंडीचा दरवाजा उघडला म्हणून.

रेशीम मार्ग असा एखादा रस्ता खरंच होता का?

त्या नावाचा रस्ता नव्हता. हे नाव १८७७ मध्ये फर्डिनांड फॉन रिश्तहोफेन या जर्मन भूगोलतज्ज्ञाने रूढ केलं. त्या वाटांवरून जाणाऱ्या एकाही व्यापाऱ्याने ‘मी रेशीम मार्गावर आहे’ असं म्हटलं नसेल. तो म्हणत असेल, मी समरकंदला चाललोय, किंवा पुढच्या पाणवठ्याला.

चीनपासून रोमपर्यंत एकच तांडा जात असे ही कल्पनाही सोडून द्या. माल टप्प्याटप्प्याने हात बदलत जायचा, आणि प्रत्येक हातबदलाला किंमत वाढायची. ओसाड वाळवंटाच्या कडेला मरुद्यानांची गावं होती: दुनहुआंग, तुर्फान, कुचा, खोतान, काश्गर. तिथे सराया, दुभाषे, दलाल, भाड्याचे उंट. मधल्या व्यापारावर कित्येक शतकं समरकंद-बुखारा भागातल्या सोग्दी लोकांचा वरचष्मा होता. आपल्याकडे मारवाडी पेढ्यांचं जाळं जसं गावोगाव पसरलं, तसे हे.

१९०७ मध्ये पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइन यांना दुनहुआंगच्या पश्चिमेला एका पडक्या टेहळणी बुरुजात सोग्दी पत्रांची थैली सापडली. चौथ्या शतकाच्या सुरुवातीची ही पत्रं कधी पोचलीच नाहीत. एका पत्रात एक व्यापारी समरकंदच्या मालकाला कळवतो, की लोयांग शहर जळालं, सम्राट पळाला, आपली माणसं उपासमारीने गेली. आणि लगेच कस्तुरीच्या हिशेबावर येतो! दुसरं पत्र मीवनाय नावाच्या बाईचं. नवरा तिला आणि लेकीला दुनहुआंगमध्ये टाकून गेला. तीन वर्षं झाली, कर्ज झालं, नातेवाईक हात झटकतात. ती त्याला लिहिते, तुझी बायको होण्यापेक्षा कुत्र्याची नाहीतर डुकराची बायको झाले असते तर बरं. रेशीम मार्गावरच्या चकचकीत माहितीपटांत उंट सूर्यास्ताकडे चाललेले असतात. मला मात्र हे पत्र आठवतं.

व्यापार फक्त रेशमाचा होता का?

छे. घोडे, लोकर, कस्तुरी, काच, औषधं, चहा, गुलाम. गुलामांचा व्यापार मोठा होता, आणि इजिप्तवर १२५० पासून राज्य करणारे मामलुक हे मुळात काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या स्टेपवरून विकत आणलेले तुर्की किपचाक होते.

रेशीम कित्येकदा माल नव्हतंच, चलन होतं. चीनच्या तांग घराण्याच्या काळात वाळवंटातल्या ठाण्यांवरच्या शिपायांचा पगार रेशमाच्या ताग्यांत जायचा, कारण तांब्याची नाणी उंटावरून नेणं परवडत नसे. स्टेपवरचे उइगुर लोक तांग दरबाराला एका घोड्यामागे चाळीस तागे लावत. दरबारातले लोक तक्रार करत की घोडे मरतुकडे आहेत. पण आठव्या शतकातलं मोठं बंड मोडायला उइगुर स्वारच मदतीला आले होते, त्यामुळे तक्रार करून सांगणार कुणाला?

आणि धर्म. कुमारजीव या बौद्ध पंडिताचा बाप भारतातला, आई कुचाच्या राजघराण्यातली. त्याने केलेली चिनी भाषांतरं आजही वाचली जातात. उलट दिशेने निघालेला चिनी भिक्षू युआन श्वांग ६३० च्या सुमारास मध्य आशियातल्या सुयाब शहराजवळ पश्चिमी तुर्कांच्या खगानाला, म्हणजे राजाला, भेटला, त्याचा पाहुणचार घेतला, पुढच्या वाटेसाठी त्याची शिफारसपत्रं घेतली. स्टेपच्या राजाचा हात डोक्यावर नसता तर तो भारतात पोचला असता की नाही, शंकाच आहे. सुमारे दहा-अकरा वर्षांनी तो महाराष्ट्रात, पुलकेशी दुसऱ्याच्या राज्यात आला. इथल्या लोकांविषयी त्याने लिहून ठेवलं, की हे मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत.

स्टेपच्या लोकांचा महाराष्ट्राशी थेट संबंध आला का?

आला, आणि तो भिंतीवर टांगलेला आहे. कालनिर्णय उघडा, पंचांग उघडा, लग्नपत्रिका पाहा: ‘शके’. हा शब्द शक लोकांचा, म्हणजे मध्य आशियातल्या इराणी भाषा बोलणाऱ्या भटक्यांचा.

ते इथवर कसे आले ही साखळी पाहण्यासारखी आहे. चीनच्या सरहद्दीवर शिओंग्नूंनी युएझी लोकांना हाकललं. युएझी पश्चिमेला सरकले, त्यांनी शकांना ढकललं. शक इराणच्या पूर्वेकडून सिंधच्या बाजूला, तिथून गुजरात-माळव्यात उतरले. युएझींपैकीच एका शाखेने पुढे कुषाण साम्राज्य उभं केलं. म्हणजे गोबीच्या कडेला झालेल्या एका भांडणाचे धक्के दोन-तीनशे वर्षांनी नाशिकला बसले.

नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात उषवदाताचे शिलालेख आहेत. हा क्षहरात घराण्यातल्या नहपान या क्षत्रपाचा, म्हणजे शक राज्यकर्त्याचा, जावई, आणि स्वतःला शक म्हणवतो. काय लिहितो? ब्राह्मणांना गाई दिल्या, दमण, डहाणू, तापी अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. भिक्षूंच्या चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, तीन हजार कार्षापण नाणी गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, कायमची ठेवली, त्यातले दोन हजार महिना एक टक्का व्याजाने आणि हजार पाऊण टक्क्याने. घोड्यावरून आलेल्यांचे वंशज काही पिढ्यांत विणकरांकडे मुदत ठेव ठेवायला लागले, याची ही दगडात कोरलेली पावती आहे. नाशिकला जाऊन फक्त द्राक्षं आणि त्र्यंबकेश्वर करून परत येणाऱ्यांनी एवढं एक लेणं चुकवू नये.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. त्याच लेण्यांच्या ओळीत त्याची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात तो ‘क्षहरात वंशाचा निःशेष करणारा’ म्हणून येतो. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सुमारे तेरा हजार नाणी नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा मारलेला. वितळवण्याची तसदीसुद्धा घेतली नाही, शत्रूच्या तोंडावरच शिक्का.

आणि तरी कालगणना शकांची उरली. इ.स. ७८ पासून मोजला जाणारा हा संवत पश्चिमी क्षत्रपांनी आपल्या नाण्यांवर पिढ्यानपिढ्या वापरला. मग कधीतरी त्याला शालिवाहनाचं, म्हणजे सातवाहनांचं नाव चिकटलं. ‘शालिवाहन शक’ या जोडनावात जिंकणारे आणि हरणारे दोघे शेजारी बसले आहेत. १९५७ पासून भारत सरकारचं राष्ट्रीय पंचांगही शक संवतानेच चालतं.

आर्य स्टेपवरून आले, हे सिद्ध झालं आहे का?

२०१९ मध्ये दोन जनुकीय अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. हरियाणातल्या राखीगढीच्या एका हडप्पाकालीन स्त्रीच्या सांगाड्यात स्टेपचा अंश सापडला नाही. हे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली झालं. दुसऱ्या, जास्त मोठ्या अभ्यासाने इ.स.पू. २००० ते १५०० च्या दरम्यान स्टेपचा अंश दक्षिण आशियात आला असं म्हटलं. आज बऱ्याच भारतीयांत तो कमी-जास्त प्रमाणात आहे. भाषेविषयी हाडं काही बोलत नाहीत, त्यामुळे यातून कोणी काय निष्कर्ष काढायचा यावर भांडणं चालू आहेत. व्हॉट्सॲपवर मिळणारी दोन्ही टोकांची ठाम उत्तरं मात्र बाजूला ठेवावीत.

चंगीझखान मुसलमान होता का?

नाही. ‘खान’ ही तुर्की-मंगोल पदवी आहे, धर्माशी तिचा संबंध नाही. तो ‘निळ्या शाश्वत आकाशा’ची, म्हणजे तेंग्रीची उपासना करायचा. बगदाद १२५८ मध्ये ज्याने बुडवलं आणि खलिफाला मारलं तो हुलागू त्याचा नातू, आणि त्याची पट्टराणी ख्रिश्चन होती. इराणातले मंगोल राज्यकर्ते १२९५ मध्ये गझान खानापासून मुसलमान झाले.

मूठभर मंगोलांनी एवढं राज्य कसं मिळवलं?

शौर्य वगैरे ठीक आहे, पण सगळ्याच टोळ्यांचे स्वार शूर होते. तेमुजिनने, म्हणजे पुढच्या चंगीझखानाने, वेगळं केलं ते असं, की जुन्या टोळ्या मोडून माणसं दहा, शंभर, हजार, दहा हजार अशा तुकड्यांत नव्याने बांधली. नातं पाहून पद देणं कमी केलं. १२०६ मध्ये ओनोन नदीच्या उगमाजवळ भरलेल्या कुरुलताईत, म्हणजे सरदारांच्या सभेत, त्याला चंगीझखान ही पदवी मिळाली.

प्रत्येक स्वाराकडे तीन ते पाच घोडे असत आणि तो ते आलटून पालटून वापरायचा. घोडीचं दूधही प्यायचा, म्हणजे मागे रसदेच्या गाड्यांची रांग नको. वृक्षांच्या वाढचक्रांवरून २०१४ मध्ये मांडलं गेलं, की मंगोलियात १२११ ते १२२५ ही वर्षं असाधारण ओलसर होती. पाऊस जास्त, गवत जास्त, घोडे जास्त. यावरून ‘पावसामुळे साम्राज्य झालं’ असं म्हणणं फारच झालं, पण पाऊस आडवा आला नाही एवढं खरं.

शहरं घ्यायला मात्र घोडा कामाचा नाही. ते काम त्यांनी जिंकलेल्या चिनी आणि इराणी कारागिरांकडून करून घेतलं. कारागिरांना ते सहसा मारत नसत, उचलून नेत. १२५४ मध्ये मंगोलांच्या राजधानीत, काराकोरमला, पोचलेल्या विल्यम ऑफ रुब्रुक या फ्रान्सिस्कन साधूला तिथे पॅरिसचा एक सोनार भेटला. त्याने खानासाठी चांदीचं झाड घडवलं होतं, ज्याच्या नळ्यांतून मद्य आणि घोडीचं आंबवलेलं दूध वाहायचं.

आणि बायकांचा उल्लेख राहून जातो तो करतोच. चंगीझचा मुलगा आणि वारस ओगदेई मेल्यावर १२४१ ते १२४६ राज्य चालवलं ते तोरेगेने या त्याच्या विधवेने. सोरघाघतानी ही मोंगके, कुबलाई आणि हुलागू यांची आई. मुलांना गादीपर्यंत नेण्याचं राजकारण तिचं.

त्यांच्या क्रौर्याच्या कथा अतिरंजित आहेत का?

आकडे अतिरंजित आहेत, क्रौर्य नाही. १२१८ मध्ये मध्य आशियातल्या ख्वारझम राज्याच्या ओतरार शहरातल्या सुभेदाराने मंगोलांकडून आलेला सुमारे ४५० व्यापाऱ्यांचा काफिला हेर म्हणून कापून काढला. विचारायला गेलेल्या मंगोल वकिलालाही, म्हणजे दूतालाही, ख्वारझमच्या शाहाने मारलं. १२२० मध्ये बुखारा आणि समरकंद पडलं, १२२१ मध्ये मर्व. मर्वमधल्या मृतांचा आकडा एक इतिहासकार सात लाख देतो, दुसरा तेरा लाख. एवढी माणसं त्या शहरात मावणंच अवघड. पण पाण्याचे पाट उद्ध्वस्त झाले, आणि काही प्रदेश शतकानुशतकं सावरले नाहीत, हे पुरातत्त्वातूनही दिसतं. स्वतः मंगोलांनाही ही दहशत पसरलेली हवीच होती, कारण भेदरलेलं पुढचं शहर न लढता दरवाजा उघडतं.

हल्ली उलटं टोकही दिसतं: मंगोल म्हणजे मुक्त व्यापार आणि धर्मसहिष्णुतेचे प्रणेते. हे वाचलं की मला मर्वच्या माणसांची आठवण येते.

मग मंगोल काळात व्यापार वाढला असं का म्हणतात?

कारण तो वाढला. खानांची डाकचौक्यांची साखळी होती, तिला ‘याम’ म्हणत. धातूची मुद्रा दाखवली की चौकीवर ताजा घोडा आणि जेवण. खान आणि त्यांच्या बायका व्यापाऱ्यांना भांडवल देत आणि नफ्यात वाटा घेत. फ्लॉरेन्सचा पेगोलोत्ती १३४० च्या सुमारास व्यापाऱ्यांसाठी लिहितो, की अझोव्हच्या समुद्रावरच्या तानापासून चीनपर्यंतची वाट दिवसा-रात्री सुरक्षित आहे. रब्बान साउमा हा आजच्या बीजिंगमध्ये जन्मलेला ख्रिस्ती साधू १२८७ मध्ये वकील म्हणून युरोपात गेला. पॅरिस पाहिलं, इंग्लंडच्या राजाला भेटला. मार्को पोलोचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, याचं कुणाला नसतं.

चिनी निळी-पांढरी भांडी आठवा. चिनी मातीच्या भांड्यांवरचा तो निळा रंग सुरुवातीला इराणच्या कोबाल्टचा. चीनमधल्या जिंगदेझेनच्या भट्टीत दोन टोकं एकत्र आली ती या काळात.

त्याच वाटांनी प्लेगही आला. इसिक-कुल सरोवराजवळ कारा-जिगाच इथल्या दफनभूमीत १३३८-३९ या दोन वर्षांचे थडग्यांचे दगड एकदम वाढलेले दिसतात, काहींवर ‘साथीने मृत्यू’ असं सिरियाक लिपीत कोरलेलं. २०२२ मध्ये तिथल्या दातांतून प्लेगच्या जंतूचा अंश सापडला. १३४६ मध्ये काळ्या समुद्रावरच्या काफा बंदराला वेढा पडला होता तेव्हा साथ तिथे होती, १३४७ मध्ये ती सिसिलीत. पुढच्या काही वर्षांत युरोपची किमान एक तृतीयांश माणसं गेली.

मंगोल भारतात का घुसले नाहीत?

घुसायचा प्रयत्न बरेचदा केला. १२२१ मध्ये ख्वारझमचा राजपुत्र जलालुद्दीन घोड्यासह सिंधूत उडी टाकून निसटला आणि चंगीझखान काठावरून परतला. त्यानंतर त्याच्या वंशजांच्या फौजा पंजाबात येत राहिल्या. १२९९ आणि १३०३ मध्ये दिल्लीच्या दारात आल्या.

इथे पुन्हा महाराष्ट्र येतो, आणि दुर्दैवाने पैशाच्या रूपाने. अलाउद्दीन खिलजीने १२९६ मध्ये रामदेवराय यादवाच्या देवगिरीवर छापा घालून अफाट लूट नेली. त्या लुटीवर त्याने दिल्लीची गादी मिळवली. पुढे मोठी खडी फौज, घोड्यांना डाग देण्याची पद्धत, फौजेला परवडावं म्हणून बाजारभाव बांधणं, ही सगळी व्यवस्था मंगोलांना तोंड देण्यासाठी उभी राहिली.

उष्ण हवेत त्यांच्या घोड्यांचे हाल होत, हेही एक कारण. भारतात दाट गवताळ पट्टा नाही, चांगला घोडा बाहेरूनच यायचा. बाबर लिहितो, की काबूलमध्ये दर वर्षी सात ते दहा हजार घोडे विकायला येतात. दख्खनला मात्र समुद्रमार्गे अरबी घोडे मिळत, चौल, दाभोळ आणि गोव्यातून. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी या घोड्यांवर घट्ट पकड बसवली, ती किती फायद्याची आहे हे ओळखूनच. भीमथडीच्या काटक तट्टांचं मोल अशा देशात काय असेल ते वेगळं सांगायला नको.

मुघल म्हणजे मंगोल का?

शब्द तोच, फारसी उच्चारातला. बाबर १४८३ मध्ये फर्गाना खोऱ्यात अंदिजानला जन्मला. बापाकडून तैमूरचा वंशज, आईकडून चंगीझखानाचा. तरी त्याला स्वतःला ‘मुघल’ म्हणवून घेणं आवडलं नसतं, आत्मचरित्रात तो मुघल टोळ्यांना शिव्याच देतो. घराणं स्वतःला ‘गुरकानी’ म्हणायचं. गुरकान म्हणजे जावई, कारण तैमूरने चंगीझच्या वंशातली मुलगी केली होती. एवढ्या मोठ्या पातशाहीचं नाव सासुरवाडीवरून!

जगातला दर दोनशेवा पुरुष चंगीझखानाचा वंशज आहे, हे खरं का?

२००३ च्या एका अभ्यासात आशियाच्या मोठ्या भागात सुमारे ८ टक्के पुरुषांत वाय गुणसूत्राची, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या गुणसूत्राची, एकच ओळ दिसली. जगभरचे पुरुष धरले तर हेच प्रमाण दोनशेत एक होतं. ती चंगीझची असावी हा अंदाज. त्याची कबर सापडलेली नाही, त्यामुळे ताडून पाहायला काही नाही.

स्टेपची सत्ता संपली कधी?

बंदुका आणि तोफा आल्या म्हणून एका दिवसात संपली नाही. रशिया पश्चिमेकडून आणि मांचूंचं चिंग साम्राज्य पूर्वेकडून सरकत आलं. १६८९ मध्ये नेरचिन्स्कला दोघांनी सीमा आखली, १७२७ मध्ये क्याख्ताच्या तहाने सरहद्दीचा बाजार ठरवला. दोघांच्या मधे उरलेली शेवटची मोठी सत्ता झुंगार या पश्चिमी मंगोलांची. १७५५ ते १७५९ दरम्यान चिंग सैन्याने ती मोडली. युद्ध, देवी आणि कत्तल यांत झुंगार लोक जवळजवळ नाहीसे झाले. गंमत म्हणजे मांचू स्वतः तिरंदाज घोडेस्वारांचे वंशज. खुश्कीचा व्यापार मात्र चालूच होता: क्याख्तातून चहाच्या विटा रशियाला जात आणि केसाळ कातडी चीनला.

आपल्या भाषेत यातलं काही उरलं आहे का?

भरपूर. तुर्की-मंगोल शब्द फारसीवर स्वार होऊन मराठीत आले. कैची आणि तोफ तुर्की. उर्दू म्हणजे छावणी. ‘बहादूर’ हा मंगोल ‘बातुर’, वीर. दारोगा हा मंगोलांचा जिंकलेल्या शहरावर नेमलेला अधिकारी, बावर्ची हा खानाचा आचारी. एल्गार म्हणजे घोडदळाची झपाट्याची दौड. आणि ‘नोकर’ हा शब्द मंगोल ‘नोकोर’ वरून आला. तेमुजिनच्या काळात त्याचा अर्थ होता सोबती, आपली टोळी सोडून ज्याने दुसऱ्याच्या पाठीशी उभं राहायची शपथ घेतली तो. तिथून ‘सरकारी नोकरी लागली का?’ पर्यंत तो कुठल्या वाटेने आला असेल, ते एव्हाना लक्षात आलं असेलच.